ताशी चाळीस

बेड नंबर सहा. हसुराम कोटकर, एकसष्ट, घणसोली.
नाकातून पोटात उतरलेली नळी
आणि नळीतून ताशी चाळीस मिली
बदामी रंगाचं काहीतरी,
ज्याला आम्ही फीड म्हणतो
आणि चांगुणाबाई जेवण.

दुसऱ्या पंपावर इन्सुलिन.
दर तासाला मी आकडा लिहिते,
दोनशे बारा, एकशे नव्वद, एकशे चौऱ्याहत्तर.
एकशे चाळीस ते एकशे ऐंशी,
एवढ्याच बांधावरून चालायचं.

पहिल्या दिवशी चांगुणाबाई भांडल्या,
"त्यांना शुगर नाय. कदीच नव्हती.
तुमची मशीन खोटी हाय."
मशीन खरं होतं. त्याही खऱ्या होत्या.
देह घाबरला की स्वतःच साखर काढतो,
आधी लिव्हरच्या कणगीतली,
मग दंड मोडून, मांड्या मोडून,
आमच्याकडे हिंगोलीला एका वर्षी
बियाणं दळायला काढलं होतं तसं.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
म्हटलं, तापानं वाढते, उतरेल.

तीस वर्षं मिठागरात फावडं ओढलेले दंड
मी रोज पुसते.
आठव्या दिवशी कातडी सैल झाली,
दांडीवरच्या ओल्या सदऱ्यासारखी.
डाएटिशियन येते, प्रोटीन वाढवते,
"अजून दहा ग्रॅम देऊ या,"
आणि जाताना
त्यांच्या हातांकडे बघत नाही.

परवा रात्री सीटीला नेलं.
फीड थांबवलं, नियमानं.
खाली रांग. ठाणे-बेलापूर रस्त्यावर
बाईकवरून पडलेला एक मुलगा आधी.
मग लिफ्ट. परत येईतो सव्वातीन.
आणि तो दुसरा पंप,
लहान, गुणी, आवाज न करणारा,
सगळा वेळ चालूच.
मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.
हे अहवालातही लिहिलंय, सहीसकट.

अठ्ठेचाळीस.

झोपेच्या औषधाखालचा माणूस
हात थरथरतात म्हणत नाही,
अंधारी येते म्हणत नाही.
फक्त कपाळ. गार, भिजलेलं,
त्यावर एसीचा वारा.
पंप बंद. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज, शिरेतून.
इतके दिवस जिला खाली ढकलत होतो
तीच साखर, दोन्ही हातांनी.

पंधरा मिनिटं मनगट धरून उभी राहिले.
खिडकीत ऐरोलीच्या पुलाचे दिवे,
खाली खाडी दिसत नव्हती, वास येत होता.
खाल्ल्या मिठाला जागावं, आई म्हणायची.
साखरेचं तसं नाही,
तिला तासातासाला जागावं लागतं.
मी जागी होते
आणि जागले नाही.

एकशे सहा.
मग खुर्ची सापडली.

अकराला भेटीची वेळ.
चांगुणाबाईंच्या पिशवीत डबा, रोजच्यासारखा,
तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण.
आत चालत नाही, त्यांना ठाऊक आहे.
तरी काचेपाशी उभ्या राहून झाकण उघडतात,
त्यांना दाखवतात,
आणि झाकण लावतात.
"रातच्याला काय खाल्लान?"

सांगितलं. फीड बंद होतं.
साखर फार खाली गेली होती.
माझ्या लक्षात आलं नाही.
त्यांनी पिशवीचे बंद ओढले, सोडले,
परत ओढले.
"उपाशी ठेवून दवा दिलाव,"
एवढंच म्हणाल्या.
प्रोटोकॉलच्या अकरा पानांत
हे वाक्य इतकं सरळ कुठेही नाही.

आज ताशी पन्नास. पोट सहन करतंय.
एकशे अठ्ठावन्न, एकशे बासष्ट.
डोळे अजून उघडलेले नाहीत.
इन्सुलिनच्या पंपावर मी
पांढरी चिकटपट्टी लावली आहे,
पुढच्या पाळीला दिसेल अशी.
मार्करनं तिच्यावर लिहिलंय,
जेवले का?